दाब

डाव्या हाताची तीन बोटं
भोसरीच्या प्रेसखाली राहिली त्या वर्षी
मी सातवीत होते.
ईएसआयच्या बोर्डानं हाताला टक्के लावले.
मला गणितात त्याहून चारच जास्त.
पप्पा म्हणाले, बघ,
माझ्या हातानं अभ्यास न करता मिळवले.

गाडी विकायची नव्हती.
काळी हिरो होंडा, टाकीवर लाल पट्टा,
सात हप्ते बाकी.
अंगठा आणि करंगळी एवढ्यात
क्लच काही यायचा नाही.
करंगळी नुसती लिव्हरला लोंबकळायची
पाहुण्यांच्या पोरासारखी.

म्हणून मी मागं.
त्यांच्या काखेखालून माझा डावा हात पुढं
आणि ते म्हणायचे, दाब.
मी दाबायचे, त्यांचा पाय गिअर टाकायचा.
सोड.
मी सोडायचे.
बोपोडीच्या चौकापासून हॅरिस पुलावरून दापोडीपर्यंत
दाब, सोड, दाब, सोड,
मला रस्ता दिसायचाच नाही, फक्त पाठ,
धुतलेल्या शर्टातूनही येणारा कटिंग ऑइलचा वास
आणि पुलावर आलो की खालून नदीचा.
पुढंपुढं ते म्हणायच्या आधीच कळायचं,
खांद्यापाशी काहीतरी किंचित ताठ व्हायचं.

काय वाघमोडे, गाडी तू चालवतोस की पोरगी?
भागीदारी आहे, म्हणाले पप्पा.

माझी शाळा आली की गाडी अश्पाकच्या गॅरेजपुढं लावून
ते पीसीएमटीनं भोसरीला जायचे.
आता प्रेसवर नाही, गेटवर,
आलेल्या-गेलेल्यांच्या वेळा उजव्या हातानं लिहायला.
संध्याकाळी मी गॅरेजच्या बाकड्यावर
भूगोल उघडा ठेवून वाट बघायचे.
भागीदार आल्याशिवाय गाडी हलत नव्हती.

मग मला कांजिण्या आल्या.
पंधरा दिवस, अंगावर कडुलिंबाचा पाला.
सोळाव्या दिवशी मी मागं बसले, हात पुढं केला,
तर म्हणाले, राहू दे.
नुसती धरून बस.

दोन्ही पायांनी ढकलत चार पावलं,
गाडी जराशी घरंगळली की पहिला, खट्,
गुडघ्यापर्यंत धक्का.
पण पुढचे गिअर असे पडले
की मला कळलेच नाहीत.

अश्पाकनं शिकवलं होतं.
पायाचा दाब आधी ठेवायचा, हलका,
झोपलेल्या माणसाला उठवू की नको
असा हात ठेवतात तेवढा.
मग रेस किंचित सोडायची.
एक क्षण येतो,
इंजिन चाकाला ओढत नसतं,
चाक इंजिनाला ढकलत नसतं,
कुणाचंच कुणावर काही नसतं.
तेवढ्यात तो पडतो.
जोर लावलास तर दात तुटतील, म्हणाला होता अश्पाक,
गिअरचे,
आणि पडलास तर तुझेपण.

सिग्नलला लांबूनच न्यूट्रल करायचं.
पोलीस हात दाखवण्याआधी ओळखायचा.
याच्यानं गिअरबॉक्स जातो म्हणतात.
तो गेला नाही,
हप्ते फिटले तरी नाही,
त्यानंतर अकरा वर्षं नाही.

आता माझ्याकडं बिनगिअरची आहे.
डाव्या हाताला ब्रेकशिवाय काम नाही.
अश्पाकच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात.

पण त्या सोळाव्या दिवशी
माझा हात कुठं ठेवायचा ते मला कळेना.
दप्तरावर ठेवला. मांडीखाली घातला.
पंधरा दिवसांत हे सगळं माझ्यावाचून जमलं,
कुणी मला विचारलंसुद्धा नाही.
पुलाच्या बरोबर मध्यावर
मी हात पुढं घातला
आणि क्लच दाबून धरला.
इंजिन मोकाट किंचाळलं,
बाजूचा सायकलवाला दचकून कठड्याकडं सरकला.
मी सोडला.

पप्पा काही बोलले नाहीत.
गाडी मंदावली होती, मागं ट्रक हॉर्न देत होता.
त्यांनी गाडी सावरली, वेग घेतला,
आणि दापोडीचा उतार लागता लागता
मान न वळवता म्हणाले,
दाब.

मी दाबला.
गिअर आधीच पडून गेला होता.