तेवीस डॉलरच्या विटा

किल्ली माझ्याकडे असते, दुपारी चारपर्यंत.
तिकीट नाही. चपला मात्र बाहेर काढा;
ही फरशी त्यांनी स्वतः पुसलेली आहे,
आणि जन्मभर दुसऱ्यांच्या फरश्या पुसलेल्या बायकांची
पाहुण्यांच्या पायांकडे बघायची खोड
मेल्यावरही जात नसावी.

शुन्देत तेव्हा तळ्यांच्या बांधावर तुती होती
आणि गिरणीत उकळतं पाणी.
कोश पाण्यात, बोटं पाण्यात,
धाग्याचं टोक हाती लागेपर्यंत.
जिच्या हाती टोक लागे तिच्या हाती पगार पडे,
आणि पगार हाती आलेली पोर
एखाद्या दिवशी आईला म्हणे,
माझे केस मीच विंचरीन.
एवढंच.
गावाला कळायचं.
वेणीचा अंबाडा व्हायचा, नवऱ्यावाचून.

मग गिरणी बंद पडली.
या सगळ्या बोटीने सिंगापूरला गेल्या,
पांढरा सदरा, काळी विजार,
परक्यांची पोरं पाठीला बांधून
घरी पैसे धाडत राहिल्या.
भावांची लग्नं झाली त्यात. भाच्यांची शाळा.
माझ्या आजोबांची सायकलसुद्धा.

पण माहेरी फक्त जगायची मुभा होती.
बिनलग्नाची बाई माहेरच्या छपराखाली गेली
तर घरात अवदसा येते, असं सगळेच मानत,
त्यांनी पैसे धाडून शाकारलेलं छप्पर असलं तरी.
कुआन तिमची मावशी
तुतीच्या पाल्याच्या खोपटात गेली.
रात्रभर पाणी मागत होती,
आणि भावजय उंबरठ्याच्या आत उभी राहून
रडत होती. खरंच रडत होती, असं तिम सांगायची.

म्हणून हे घर.
राहायला नव्हे. मरायला बांधलं.

गवंड्याने विचारलं, मालक कोण?
माझी आजेआत्या मक सोई-कुइ म्हणाली, आम्ही एक्केचाळीस जणी.
तो म्हणाला, ते कळलं, पण मालक?
ही वही बघा. त्याने शेवटी
'मालक' लिहून पुढे जागा कोरी सोडली.

वहीत प्रत्येकीच्या नावापुढे रक्कम,
रकमेपुढे विटा.
हो याऊ-लान, तेवीस डॉलर.
पुढल्याच वर्षी याऊ-लानने
बोटीवरच्या एका मेकॅनिकशी लग्न केलं.
केवढं भांडण! शपथ मोडली, नाव खोडा,
पैसे परत करा तिचे.
तीन रविवार त्या भांडल्या, कुणी कुणाशी जेवली नाही.
शेवटी कुआन तिम म्हणाली,
भिंत उभी राहिली आहे.
त्यातल्या तिच्या विटा कोणत्या, तेवढं दाखवा,
मी काढून देते.

वरच्या मजल्यावर नावांच्या पाट्या आहेत.
जिवंत असेतो नावावर लाल कागद,
गेली की कागद काढायचा.
चाळीस कागद निघाले. शेवटचा सोई-कुइचा,
मीच काढला, डिंक फार घट्ट होता,
नखाने खरवडावा लागला.

याऊ-लान कुठे गेली, कधी गेली, कळलं नाही.
पत्र नाही, निरोप नाही.
कागद उन्हाने गुलाबी पडतो,
तेव्हा नववर्षाला मी नवा लावते.
वहीच्या हिशेबाने ती आता एकशे बारा वर्षांची आहे
आणि खालची डावीकडची खोली
तिच्यासाठी झाडून ठेवलेली असते.
तिथे कृपया बसू नका.