रीडिंग

होटगी रोडला हळकुडे डॉक्टरांच्या बंगल्यात
नवा मीटर बसलाय, फक्त गाडीसाठी.
पांढरी गाडी, हिरवी पाटी,
भर बाराच्या उन्हात पोर्चच्या सावलीला
आचळाला लागलेल्या वासरासारखी
भिंतीतून वीज ओढत उभी.
मी टिपतो: दोनशे अकरा.

"रस्ता कर माफ, वर सूट," डॉक्टर सांगतात,
आणि लगेच, जणू मी विचारलंच होतं,
"धूर कमी होतो हो. माझ्याकडे दमेकरी येतात,
सात रस्त्याचे, त्यांना विचारा."
मी मान हलवतो.
मान हलवायचा पगार नाही, सवय आहे.

अशोक चौकात यमूलांचे माग.
नागनाथ चिलवेरी ओरडून बोलतो,
मागाजवळ सगळंच ओरडून बोलावं लागतं,
लाडानंसुद्धा.
"पेपर वाचला का मीटरवाले?
काडेपेटीवर कर भरतो मी. साबणावर भरतो.
ह्या तुटक्या चपलेवर भरलाय.
म्हणजे त्या गाडीत एक बोल्ट तरी माझा असंल की!
रविवारी माझा बोल्ट
कंबर तलावापर्यंत फिरवून आणा म्हणावं."

कांड्या भरता भरता यल्लूबाई मान वर न करता म्हणते,
"मागाच्या विजेला पण सवलत हाय की रे.
ती कुणाच्या बोल्टातनं येती?"

नागनाथ गप्प.
माग गप्प होत नाही.
टॉवेलची किनार दोन बोटं पुढं सरकते, मग तो म्हणतो,
"ती मालकाला."
एवढंच. आणि तुटलेला धागा शोधायला वाकतो.

मीही गेलो होतो शोरूमला, स्कूटरसाठी.
कागद, आधार, दोन फोटो.
पोरगं हसत म्हणालं,
"काका, मागच्या महिन्यात आला असता तर..."
मागचा महिना आमच्याकडं
नेहमीच स्वस्त असतो.

संध्याकाळी सात रस्ता. सिग्नल.
माझी मोपेड खोकते, पुढची बस तिला उत्तर देते.
तोंडाला चौकडीचा टॉवेल, यमूलांच्या मागावरचा.
होटगीपलीकडं वीजघराची चिमणी, तिचा धूर
आभाळात सरळ उभा.
त्यातला दोनशे अकरा युनिटांचा कुठला,
ते लिहायला माझ्या मशीनमध्ये रकाना नाही.

शेजारी काहीतरी येऊन थांबलंय.
आवाज आलाच नाही.
डॉक्टर काचेतून हात करतात.
मी मान हलवतो
आणि वाकून चाकाकडं बघतो,
चिलवेरीचा बोल्ट
नीट आवळलाय ना.