न तुटणारी जागा

औलूत दुपारी तीनलाच दिवे लागतात.
साइमीने आईला फोन दिला,
औषधांचं ॲप, अजून कच्चं.
आई वाचते : "बारा, स्वल्पविराम, पन्नास...
पन्नास काय?"

युरोचं चिन्ह खालच्या ओळीत पडलेलं,
थांबा चुकलेल्या पोरासारखं.
आईची अक्षरं मोठी, पडदा तेवढाच.

साइमी चिन्ह आकड्याला चिकटवून बघते.
"छे, श्वास घ्यायला जागा ठेव."

मग ती शोधते
ती एक रिकामी जागा,
दिसायला साध्या जागेसारखीच,
फक्त तुटत नाही.
आता उतरले तर दोघं एकदम उतरतात.

टेबलाशी बाबांची खुर्ची,
आईपासून हातभर. कुणी हलवलेली नाही.

आई चष्मा कपाळावर सारते :
"महागल्या गं गोळ्या."