पहिलं अक्षर

रविवारी रात्री नवा कर्नल आला.
लष्करातला नव्हे. याला मिशा नाहीत.
हा यंत्राच्या पोटात, सगळ्या आज्ञांच्या खाली बसून असतो,
आणि धड चालला
तर त्याची आठवणही कुणाला होत नाही.

सोमवारी तार्तूत उणे अकरा.
नदी काठाकाठानं गोठलेली.
तळमजल्यावरचा आहतो बॅटरीचा आकडा
दारोदार दाखवत हिंडला,
सव्वा तास जास्त! सव्वा तास!
जणू स्वतःच्या घामाचा.
हेल्युचा पडदा काळाठिक्कर पडला;
तिनं निमूट जुन्या कर्नलवर मुक्काम हलवला
आणि कॉफी गार व्हायच्या आत कामाला लागली.
वायफाय गेलेल्यांनी तर सात पिढ्या उद्धरल्या.
आणि तार्मो, ज्याला फरक काहीच जाणवला नव्हता,
तोच जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांत जास्त बोलला.

वाइके काही बोलली नाही.
मेलेल्या माणसांची बोली ऐकणं हे तिचं काम.
साठ-पासष्ट साली खेड्यापाड्यांत भरलेल्या टेपा,
त्यांत कुणी राय दळतं, कुणी भावकीचं उकरून काढतं,
कुणी नुसतं खोकतं.
त्या सोमवारी
कुठल्याच वाक्याला सुरुवात नव्हती.
मराठीत सांगायचं तर
सकाळ म्हणावं, तर ऐकू यायचा काळ,
अंधार म्हणावं, तर नुसती धार.

आधी वाटलं, कान गेले. अठ्ठावन्न वय.
मग वाटलं, टेप झिजली.
मग ती दुसरा स्वेटर चढवून
हिशेबाला बसली.

जुना चांगला. नवा बिघडलेला.
मधे चौदा हजार बदल.
निम्म्यावर ये. बांध. चालू कर. ऐक.
बरं की वाईट?
उरलेल्याचं निम्मं कर. बांध. ऐक.
दर खेपेला चाळीस मिनिटं,
आणि दर खेपेला तीच ओद्जे नावाची म्हातारी,
तेच वाक्य:
मीठ संपलं होतं.
बरं.
ठ संपलं होतं.
वाईट.
ठ संपलं होतं.
मीठ.
ठ.
चौदा वेळा त्या घरातलं मीठ संपलं
आणि बाहेर बर्फ काढणारी गाडी दोनदा येऊन गेली.

उजाडता उजाडता हातात एकच ओळ उरली.
शून्याच्या जागी एक.
करणारा कुणी इतामार, फ्लोरियानोपोलिसचा, तिथं उन्हाळा.
खाली त्याची टीप:
आवाज नसेल तर दहा सेकंदांनी चिपला झोपवावं. वीज वाचते.
खरंच होतं. आहतोच्या सव्वा तासातली
काही मिनिटं इथूनच आली होती.
झोपलेली चिप हाकेसरशी उठते,
पण डोळे चोळेपर्यंत
पहिलं अक्षर दारावरून निघून जातं.

पत्राची सुरुवात तिनं केली, ‘तुमच्यामुळे’.
खोडलं.
मग लिहिलं: माझ्याकडे काही माणसं आहेत.
ती फार थांबून थांबून बोलतात.
एका वाक्यानंतर चूल सारतात, मग दुसरं.
तेवढ्यात तुमची चिप समजते, झालं यांचं.

तो दोन दिवस गप्प.
मग उत्तर: माझ्या घरात दहा सेकंद कुणी गप्प बसत नाही.
म्हणून सुटलं. तुमच्या यंत्राचा नमुना क्रमांक कळवा.

अपवादांच्या यादीत एक ओळ वाढली.
पुढच्या आठवड्यात दुरुस्ती आली, तिच्यावर
कुणी चकार शब्द काढला नाही.
आहतोचे सव्वा तास शाबूत.
तार्मो आता बसभाड्यावर बोलत होता.

वाइकेनं हेडफोन नीट बसवला.
ओद्जे थांबली आहे.
घड्याळाची टिकटिक. लाकूड तडकतं. कुणीतरी नाक शिंकरतं.
अकरा सेकंद. बारा.
वाइकेची बोटं टेबलाच्या कडेवर.

म,
मग सगळं
मीठ.