टपभर

दह्याच्या डब्याचं झाकण मी फेकत नाही.
कोमट पाण्यात विसळते
आणि अंगठ्याच्या नखाने टेबलावर घासत बसते
सुरकुती न् सुरकुती जाईपर्यंत.
सून म्हणते, आई, कचऱ्याला कोणी इस्त्री करतं का?

ऑक्टोबर होता. द्राक्षं उतरवून झाली होती.
रश्श्यात पाप्रिका जरा जास्तच पडली होती,
तेवढंच त्या दिवसाचं लाल, असं वाटलं होतं.

मग डोंगराकडून आवाज आला,
खडीचा ट्रक मोकळा करतात तसा,
पण संपेचना.

तलाव म्हणायचे त्याला.
बॉक्साइटमधलं हवं ते काढून घेतल्यावर
कारखाना उरलेलं तिथे ओतायचा, वर्षानुवर्षं.
माझा व्हेंडेल त्या कारखान्यातच म्हातारा झाला.
म्हणायचा, एतेल्का, उत्तरेच्या बांधात कुठंतरी पाणी मुरतंय.
आणि खरोखरच मुरत होतं.
तो हे घरी बोलला. सूप ढवळता ढवळता. बाहेर नाही.
पेन्शनला चौदा महिने राहिले होते.

पिरोश्का शेजारीण.
आमच्या हंगेरियनमध्ये पिरोश म्हणजे लाल.
जन्मली तेव्हा गाल तसे होते म्हणून.
ती बदकं आत घ्यायला परत फिरली.
गुडघ्यापर्यंतच तर आहे, म्हणाली.

तो चिखल भाजतो, हे लगेच कळत नाही.
गार लागतो. साबणासारखा बुळबुळीत.
संध्याकाळी मोजे काढले
तेव्हा नुसते मोजे निघाले नाहीत.

नऊ दिवस ती इस्पितळात होती.
दहाव्या दिवशी तिची बहीण आमच्याकडचा टॉवेल परत द्यायला आली,
धुतलेला, घडी घातलेला.
पाथरवटाने विचारलं, अक्षरांत रंग कोणता भरू?
कोणी काही बोललं नाही.

वसंतात कंपनीची एक मुलगी कापडी पिशव्या वाटत आली.
पिशवीवर छापलेलं: पृथ्वी तुमच्या हातात आहे.
चांगली होती मुलगी. नखं कुरतडलेली.
पिशवी मी घेतली. बटाट्यांना बरी आहे.

त्या रात्री हिशेब मांडला.
व्हेंडेल सांगायचा, किलोभर धातूमागे
अडीच-तीन किलो चिखल.
झाकणं, दोन पातेली, खिडक्यांच्या चौकटी,
नाताळच्या चॉकलेटांचे चंदेरी कागद,
नातवाची सायकल, व्हेंडेलची शेवटची कुबडी.
एकाहत्तर वर्षांचा मिळून
कपडे भिजवायचा मोठा टप भरला,
काठोकाठ.

तेवढा माझा.
त्यात व्हेंडेलचं गप्प बसणंही घाला,
आणि त्या पगारातून घेतलेलं हे टेबल.
टप अंगणात ठेवते, कोणीही यावं, बघावं.
मी काखा वर करणार नाही.

पण त्या दुपारी आला तो टपभर नव्हता.
त्याने पूल नेला. त्याने शाळेचा पियानो
पोस्टाच्या दारात आणून ठेवला.
नदीत वर्षभर मासा नव्हता.
बाकीचा कोणाचा?
मुलगी पुन्हा आली तेव्हा विचारलं.
म्हणाली, ते ऑफिस वेगळं आहे.

बाहेरच्या भिंतीवर रेघ आहे, माझ्या कमरेच्या जरा वर.
तीनदा चुना दिला.
हवा दमट झाली की वर येते.

नाताळात बोटोंड झाडाला चॉकलेटं टांगतो,
मग आतलं हळूच खाऊन
कागद पुन्हा तसाच पिळून ठेवतो,
झाड भरलेलं दिसावं म्हणून.
लहानपणी आम्हीही हेच करायचो.
रात्री सगळे झोपल्यावर
मी झाडापाशी उभी राहते
आणि एकेक कागद दोन बोटांत दाबून बघते.