छाट

सुताच्या गोदामावर, पत्र्याखाली,
मल्लिनाथशेटच्या क्लबात
मी खेळत नाही.
मला पगार बघायचा.

कोपऱ्यात स्टूल. हातात एकच पेपर,
महिनाभर तोच वाचतोय.
खाली माग चालू. त्यांच्या खडखडाटात
एकवीसच्या टेबलावर कोण काय पुटपुटतं
ऐकू येत नाही, म्हणून ओठ बघायचे.
ओठ मिटलेले असले तर बोटं.

त्याआधी एकोणीस वर्षं मी विडी कारखान्यात चेकर.
बायका सूप पुढं सरकवायच्या,
मी कट्टा तळहातावर घ्यायचो
आणि न मोजता सांगायचो, चोवीस आहेत.
मग छाट.
हजारातल्या शंभर, कधी दीडशे विड्या
मी बाजूला टाकायचो:
ही सैल, हिचं पान फाटकं, हिचं तोंड उघडं.
छाटलेल्या विड्यांचं पुढं काय व्हायचं
ते मलाही ठाऊक होतं, बायकांनाही.

तो पहिल्यांदा आला गुरुवारी.
इस्त्रीचा शर्ट, बाही जुनी.
पन्नास, पन्नास, पन्नास लावत राहिला,
हरला, जिंकला, हरला,
कंटाळा येईल इतका साधा.
आणि मग एकदम पाचशे.
राजा आला, त्यावर एक्का.
शेट हसला, म्हणाला, नशीब की.

तिसऱ्या गुरुवारी मी पेपर खाली ठेवला.
त्याचा डावा हात मांडीवर होता.
दुर्री निघाली, अंगठा एक पेर वर.
पंजी, अजून एक.
राणी आली, एक पेर खाली.
सत्ती, अठ्ठी, नव्वी: अंगठा जागच्या जागी,
जसं काही घडलंच नाही.

करंगळीच्या मुळापासून मोजणं
मी फक्त एका बाईचं बघितलं होतं.
राजव्वा इप्पलपल्ली, दत्त नगर,
मांडीवर पोर, पोराच्या पाठीवर सूप,
तोंडात तेलुगू आकडे, आणि मला सांगताना मराठीत:
साहेब, पंचवीसच हायत, परत मोजा.
मी परत मोजत नसे.

ह्याचं आडनाव विचारलं नाही.
विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

शेट म्हणाला, पत्ते लपवतो काय?
नाही.
खुणेचे आहेत? नाही.
मग करतो काय?
लक्षात ठेवतो, मी म्हणालो.
शेट बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
पैसे लावून लक्षात ठेवायचं नसतं.
तेवढंच वाक्य. राग नाही, हात उगारणं नाही.
आमच्याकडं माणूस काढायची रीत वेगळी.
त्याला क्लबातर्फे चहा जातो.
डबल साखर, सोबत खारी, पैसे नाहीत.

चहा मीच नेला.
त्यानं कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं,
जरा जास्तच वेळ, जसं एखाद्या ओळखीच्या
बशीचा तडा कुठं होता ते आठवावं.
अर्धा प्याला.
खारी खिशात घातली.
उठताना टेबलावर पन्नासची नोट ठेवली, वाटणाऱ्यासाठी.

जिन्यावर त्याची चप्पल वाजत होती,
आणि खाली मागांनी ती लगेच गिळली.

शेट म्हणाला, शाब्बास, नजर आहे तुला.
मी स्टूलवर बसलो. पेपर उघडला.
टेबलावर नवा माणूस बसला, जाडजूड,
अंगठ्या घातलेला, शेटच्या आवडीचा,
आणि पन्नास लावून खोकला.

तेव्हा कळलं, माझाही अंगठा हातावर फिरतोय.
अकरा पेरं वर होता तो.
लहान पत्ते सगळे जाऊन बसले होते,
उरलेल्या गड्डीत राजे, राण्या, एक्के दाटीवाटीनं,
पाचशे लावावेत अशी वेळ.

हे क्लबात कुणालाच माहीत नव्हतं.
माहीत होतं दोघांना.
त्यातला एक अशोक चौकात
रिक्षा थांबवत असेल.