खोटी शीर

आधी पंख मोजायचे, स्तानिया म्हणते.
चार असले तर गांधीलमाशी, तिच्या वाटेला जाऊ नये.
दोनच असले तर सोंग आहे,
पिवळे-काळे पट्टे उसने, नांगी नाहीच.
मग भिंगाखाली पंखाच्या मधोमध बघायचं :
एक शीर, कुठूनही न निघालेली, कुठेही न पोचणारी.
साऱ्या कुळाची ओळख
त्या एका खोट्या शिरेवर.

नोवी सादच्या संग्रहालयात, तिसऱ्या मजल्यावर
डांबरगोळ्यांच्या वासात ती एकोणतीस वर्षं बसली आहे.
टाचणीखाली माशी, माशीखाली कागदाचा कपटा,
त्यावर मुंगीच्या पायांनी लिहावं तसं : फ्रुश्का गोरा, जून.
डोळे एकमेकांना टेकले की नर,
मध्ये फट राहिली तर मादी.
मागच्या मांडीची जाडी, डोळ्यांवरची लव,
आणि तरीही एका खोक्यात सतरा जणी
ज्यांना अजून नाव नाही.

मी विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय?
सुई खाली न ठेवता म्हणाली, थांब.
मी थांबले.
बऱ्याच वेळाने हसली. हाच अर्थ. थांब.

चौथी मुलगी मी. बापाने देवाला, की आईलाच,
नावातून निरोप धाडला : आता पुरे.
कुणी वाचला नाही. माझ्या पाठीवर दोब्रिला आली.
मग दोन मुलगे, बारशाच्या आत गेले.
म्हणून तिसऱ्याचं नाव वुकोमान, वुक म्हणजे लांडगा,
रात्री पाळण्यापाशी जे काही येतं
ते बिचकावं म्हणून.
एक्कावन्न वर्षांचा आहे आता. बस चालवतो.
शेजारणीच्या वीतभर कुत्र्याला घाबरून
जिना बदलतो.

नांगी नाहीच, ती म्हणाली,
पण पट्टे चालले.
मरणालाही वर्गीकरण धड जमत नाही,
पंख मोजण्याइतका दम नसतो त्याला.

जूनमध्ये डोंगरावर गेलो. लिंडन मोहोरला होता,
अंगाला चिकटणारा तो वास,
खाली दुनाव नदी, नांगरलेल्या रानासारखी मातकट.
जाळी माझ्याकडे होती.
मोहोरापाशी, स्तानियाच्या नाकासमोर
एक हवेत उभी राहिली.
पंख दिसेनात. नुसती ती,
कुणी टांगून ठेवल्यासारखी.

मी जाळी उचलली तेवढ्यात
खालच्या पायवाटेवर कुणी बाई
पळत्या पोरावर ओरडली : स्तानी!
स्तानियाने वळून पाहिलं.

आई अशीच हाक मारायची, ती म्हणाली.
तोच शब्द.
बोलावते आहे की अडवते आहे
ते मला कधी कळलं नाही,
मी आपली दारातच उभी राहायचे.

परतताना बसमध्ये तिने वही उघडली.
तारीख, उंची, झाड.
खाली एक ओळ :
मादी, एक. पकडली नाही.